बराकीतली घसादुखी

संधिज्वर, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटिक फीव्हर म्हणतात तो आजार, मुख्यतः पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना होतो. मला तो विशी ओलांडल्यावर झाला आणि मला तपासणाऱ्या जवळपास प्रत्येक डॉक्टरांना आधी याचेच नवल वाटले. शाळकरी वय उलटल्यानंतर हा आजार पहिल्यांदा गाठतो अशी जी थोडी ठिकाणे आहेत, त्यांत सैनिकांच्या आणि प्रशिक्षणार्थींच्या बराकी अग्रभागी आहेत, हे मला पुढे वाचनातून कळले. मी ज्या निवासी प्रशिक्षण केंद्रात होतो त्याचे नाव येथे देत नाही. ते ग्वाल्हेरपासून फार लांब नव्हते आणि तेथे जे घडले ते तशा कोणत्याही केंद्रात घडू शकते, एवढे सांगणे पुरेसे आहे.

आमच्या बराकीत लोखंडी दुमजली खाटांच्या दोन लांब रांगा होत्या. दोन खाटांमध्ये एक ट्रंक बसेल इतकीच जागा सोडलेली असे आणि सर्वांची डोकी भिंतीकडे, त्यामुळे रात्री शेजारच्याचा श्वास आपल्या उशीपर्यंत पोहोचत असे. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याची ख्याती सर्वदूर आहे, पण तिथला पौष-माघही तितकाच बोचरा असतो. धुके सकाळी उशिरापर्यंत हटत नाही आणि रात्री पारा चार-पाच अंशांवर उतरतो. साहजिकच खिडक्या घट्ट बंद असत. पहाटे पीटी, मग परेड, दुपारी वर्ग, संध्याकाळी खेळ आणि रात्री पुन्हा तीच बंद खोली, निरनिराळ्या प्रांतांतून नुकत्याच आलेल्या तरुणांनी खचाखच भरलेली. प्रत्येक जण आपल्याकडचे जंतू घशात घेऊन आलेला, आणि त्या जंतूंशी शेजाऱ्याच्या शरीराची पूर्वी कधी गाठ पडलेली नसते. त्यातच थकवा आणि अपुरी झोप. संसर्गाला याहून अनुकूल जागा मुद्दाम बांधायची म्हटली तरी अवघड जाईल.

डिसेंबरच्या अखेरीस आमच्या रांगेतल्या मुलांचे घसे धरू लागले आणि त्यात माझाही धरला. थंडी वाजून ताप आला, गिळताना कळ थेट कानापर्यंत जाऊ लागली आणि जबड्याखाली दोन्ही बाजूंना हात लावू देणार नाहीत अशा गाठी आल्या; खोकला मात्र नव्हता आणि नाकही वाहत नव्हते. साध्या सर्दीच्या विषाणूंनी घसा दुखतो तेव्हा बहुधा खोकला आणि वाहते नाक सोबत असते. ताप, सुजलेल्या टॉन्सिलवर पांढुरका थर, मानेच्या पुढच्या बाजूच्या दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव हे चारही जुळून आले, तर स्ट्रेप्टोकॉकस या जंतूचा संशय घेऊन घशाचा स्वॅब तपासावा, असा डॉक्टरांचा सर्वमान्य आडाखा आहे.

मी सिक रिपोर्ट केली. सकाळच्या फॉल-इनआधी, म्हणजे रांगेतल्या हजेरीआधी, उस्तादांना, म्हणजे प्रशिक्षकांना, सांगायचे, रजिस्टरमध्ये नाव लिहवून घ्यायचे आणि एमआय रूमसमोरच्या, म्हणजे केंद्राच्या तपासणी-दवाखान्यासमोरच्या, रांगेत उभे राहायचे, अशी ती पद्धत. रांगेत मुरगळलेले घोटे, बुटांनी आलेले फोड आणि पाठीच्या तक्रारी घेऊन आलेले बरेच जण होते. माझी पाळी आल्यावर तेथील सहायकाने कपाळाला हात लावला, पॅरासिटामॉलच्या गोळ्या दिल्या आणि "ठंड का मौसम है, गरारे करो" असे सांगून पुढच्याला बोलावले. बॅटरी मारून घसा पाहिला गेला नाही. त्या माणसाबद्दल माझ्या मनात राग नाही, कारण घसादुखी हे त्या ठिकाणी कोणाच्याच लेखी आजारपण नव्हते. जे सिक रिपोर्ट करत त्यांच्याकडे अंगचोर म्हणून पाहिले जाई. शिवाय ठरावीक मर्यादेपलीकडे प्रशिक्षण बुडाले की पुढच्या बॅचमध्ये ढकलले जाण्याची, म्हणजे रेलिगेट होण्याची, भीती असे. त्यामुळे माझ्या शेजारच्या खाटांवरची निम्मी मुले मिठाच्या पाण्यावरच भागवत होती. चार-पाच दिवसांत माझा घसा बरा झाला आणि मी परेडला उभा राहिलो.

या दुखण्याची सारी गोम तेथेच आहे. स्ट्रेप्टोकॉकसची घसादुखी औषध घेतले नाही तरी आठवड्याभरात थांबते, म्हणून औषधाची गरजच नव्हती असे सर्वांना वाटते. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे माणूस अगदी ठणठणीत असतो. त्या काळात त्याचे शरीर ‘अ’ गटातल्या या जंतूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करत असते. जंतूच्या आवरणावरील एम प्रथिनाची रचना माणसाच्या हृदयातील काही प्रथिनांशी मिळतीजुळती असल्यामुळे काही जणांच्या शरीरात जंतूवर रोखलेले हत्यार स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर आणि सांध्यांवर चालते. सर्वांच्या बाबतीत असे होत नाही. बराकीतील साथीत, उपचार न झालेल्या शंभर जणांमागे दोन-तीन जणांना संधिज्वर होतो, असा जुना अनुभव आहे.

जानेवारीच्या उत्तरार्धात एका सकाळी माझा उजवा गुडघा सुजून लाल झाला होता. आदल्या दिवशी लांब रोड मार्च झाला असल्याने कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. क्रेप बँडेज बांधले गेले आणि लाइट ड्यूटीचा शेरा मिळाला. दोन दिवसांनी गुडघा उतरला आणि डावा घोटा सुजला. घोटा उतरतो न उतरतो तोच कोपर धरले. पांघरुणाचा स्पर्शही सहन होऊ नये इतके ते दुखत असे, आणि त्याचबरोबर अंगात बारीक ताप. माझ्या या फिरत्या दुखण्याची बराकीत चेष्टा झाली, आणि एका उस्तादांनी तर आज कोणत्या सांध्याची पाळी आहे असे मला फॉल-इनमध्येच विचारले. गंमत अशी की निदानाच्या दृष्टीने तोच योग्य प्रश्न होता. मार लागून सुजलेला सांधा जागच्या जागी बरा होतो, पण एका सांध्यातून उठून दुसऱ्यात जाणारी मोठ्या सांध्यांची सूज ही संधिज्वराची खूण आहे. केंद्रात ठरावीक दिवशी बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांनी माझे कोपर पाहिले, छातीला बराच वेळ नळी लावून ठेवली आणि गेल्या महिन्यात घसा दुखला होता का, असे विचारले. त्या प्रश्नापासून पुढची सगळी चक्रे फिरली आणि मला त्याच दिवशी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पाठवण्यात आले.

संधिज्वर झाला आहे असे एका तपासणीतून सांगता येत नाही, ही गोष्ट घरच्यांना समजावून सांगणे फार जड गेले. आमचे घर ग्वाल्हेर शहराच्या लष्कर नावाच्या भागात, महाराज बाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आई, काका आणि आत्या तिघेही रुग्णालयात येऊन बसले आणि रिपोर्ट काय आला, एवढेच विचारू लागले. निदान होते ते १९४४ साली डकेट जोन्स या अमेरिकन डॉक्टरांनी मांडलेल्या आणि पुढे अनेकदा सुधारलेल्या निकषांवर. हृदयाचा दाह, अनेक सांध्यांची सूज, हातापायांच्या अनिच्छ हालचाली, त्वचेवरची कडेने लाल दिसणारी वर्तुळे आणि त्वचेखालच्या टणक गाठी ही पाच मोठी लक्षणे. ताप, नुसती सांधेदुखी, रक्तातील दाहाच्या वाढलेल्या खुणा आणि ईसीजीतील पीआर अंतराची, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विद्युतसंदेश पोहोचायला लागणाऱ्या वेळाची, वाढ ही लहान. दोन मोठी, किंवा एक मोठे आणि दोन लहान जुळली पाहिजेत, आणि त्यांच्या जोडीला स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग नुकताच होऊन गेल्याचा पुरावा पाहिजे.

हा पुरावा मिळवताना घशाचा स्वॅब निरुपयोगी ठरला, कारण तोवर घशातले जंतू नाहीसे झाले होते; या टप्प्यावर बहुतेक रुग्णांत असेच होते. म्हणून रक्तातील एएसओ ही प्रतिपिंडे मोजली गेली. संसर्गानंतर तीन ते सहा आठवड्यांत त्यांची पातळी सर्वाधिक असते, आणि माझी पातळी दोनशेच्या नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे होती. ईएसआर, ही रक्तातील दाहाची एक खूण, चढलेला होता आणि पीआर अंतर वाढलेले होते. शेवटी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर माझ्या हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप उघडमीट करत होती, आणि दर मिटण्यासरशी निळ्या-पिवळ्या रंगांचा एक झोत उलट दिशेने वर उडत होता. झडप पूर्ण मिटत नसल्यामुळे रक्त मागे फिरत होते. प्रमाण सौम्य आहे, असे डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर त्यांनी आईला बोलावून घेतले. "माताजी, बचपन में कभी जोड़ सूजे थे?" असे ते दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारत राहिले. मी तिसरी-चौथीत असताना रात्री पोटऱ्या दुखतात म्हणून रडत असे आणि ती तेल चोळून देत असे, हे आईला आठवले आणि ते सांगताना तिचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी तिला लगेच सावरले. रात्री पोटऱ्या दुखणे आणि सकाळी मुलाने पुन्हा उड्या मारणे हे वाढीच्या वयातले दुखणे असते, त्यात सांधा सुजत नाही. शिवाय इकोमध्ये झडपेची पाने जाड झालेली किंवा एकमेकांना चिकटलेली दिसत नव्हती, त्यामुळे हा पहिलाच झटका असण्याची शक्यता अधिक होती. लहानपणी आपण काही दुर्लक्षिले का, ही शंका मात्र आईच्या मनातून त्यानंतरही बराच काळ गेली नाही.

उपचारांतला रुग्णालयातला भाग तुलनेने सरळ होता. घशात उरलेसुरले जंतू असतील तर त्यांच्यासाठी पेनिसिलिन, आणि सांध्यांसाठी ॲस्पिरिन, पण डोकेदुखीला घेतो तेवढी नव्हे, वजनाच्या हिशेबाने दिवसातून चार वेळा भरपूर. दोन दिवसांच्या आत सांधे असे मोकळे झाले की मला विश्वास बसेना. इतक्या लवकर उतार पडणे हेही निदानाला बळकटी देणारे लक्षण मानतात. त्याची किंमत म्हणजे कानांत अखंड गुंजारव आणि पोटात जळजळ. ॲस्पिरिनने सांधे बरे होतात, झडपेवर तिचा परिणाम होत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. दाह उतरेपर्यंत विश्रांती आणि ठरावीक दिवसांनी ईएसआर, असे काही आठवडे गेले.

त्या पडून राहण्याच्या काळात केंद्रातले मित्र भेटायला येत. बराकीत मोठी साफसफाई झाली, सगळी ब्लँकेट मैदानात उन्हाला टाकली, फरशी फिनाइलने धुतली, असे त्यांनी उत्साहाने सांगितले. खाटा सरकवल्या का, असे मी विचारले तेव्हा, जागा कुठे आहे, असे उत्तर आले. या प्रश्नाचा निकाल फार पूर्वी लागलेला आहे, हे मी नंतर वाचले. दुसऱ्या महायुद्धात एकट्या अमेरिकन नौदलात संधिज्वराचे वीस हजारांहून अधिक रुग्ण झाले. तेव्हा नवशिक्यांना सरसकट सल्फा या जंतुनाशक औषधाच्या गोळ्या देऊन पाहिल्या गेल्या. आरंभी फायदा झाला, पण थोड्याच काळात सल्फाला न जुमानणारे स्ट्रेप्टोकॉकस पसरले. युद्धानंतर वायोमिंग राज्यातील वॉरन हवाई तळावर याच आजाराच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उघडण्यात आली. चार्ल्स रॅमलकॅम्प, फ्लॉइड डेनी, लुईस वॅनामेकर ही त्या कामातली मंडळी. रुग्णांच्या ब्लँकेटमधल्या धुळीत जंतू भरपूर सापडत, पण तशी ब्लँकेट निरोगी जवानांना वापरायला दिली तरी त्यांना लागण होत नसे. लागण ठरत होती ती जंतू बाळगणाऱ्याची खाट किती जवळ आहे यावर. म्हणजे ब्लँकेट उन्हात टाकण्यात गैर काही नाही, पण शेजाऱ्यांची डोकी एकमेकांपासून दूर जातील अशी, एकाचे डोके तर दुसऱ्याचे पाय, या पद्धतीने झोपण्याची व्यवस्था करण्याला एक पैसाही लागत नाही आणि तिचा उपयोग अधिक आहे.

त्याच तळावरचे दुसरे काम मला अधिक अस्वस्थ करून गेले. टॉन्सिलवर पू आलेल्या सुमारे आठशे जवानांना त्यांनी पेनिसिलिन दिले आणि जवळपास तितक्याच जवानांना दिले नाही. पहिल्या गटात दोघांना संधिज्वर झाला, दुसऱ्यात सतरा जणांना. हे १९५० साली प्रसिद्ध झाले. पेनिसिलिन घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांनी सुरू केले तरी संधिज्वर टळतो, हेही तेथेच पुढे दिसून आले. माझे नाव सिक रिपोर्टच्या रजिस्टरमध्ये लिहिले गेले तेव्हा त्या नऊ दिवसांतले बहुतेक शिल्लक होते. शिवाय हा जंतू आजतागायत पेनिसिलिनला सरावलेला नाही. तोंडाने दहा दिवसांचा क्रम किंवा स्नायूत एकच इंजेक्शन, एवढे पुरते, आणि औषध सुरू झाल्यावर दिवसभरात रुग्ण इतरांना लागण देण्याच्या अवस्थेतून जवळपास बाहेर पडतो.

सर्व प्रशिक्षणार्थींना दाखल होतानाच पेनिसिलिन टोचावे का, हा मोठा प्रश्न आहे. अमेरिकेच्या काही तळांवर ते केले जाते. १९८० च्या दशकात सॅन दिएगोच्या नौदल प्रशिक्षण केंद्रात संधिज्वर पुन्हा दिसला तेव्हा तेथे ते बंद होते आणि मग पुन्हा सुरू करावे लागले. आपल्याकडे तसे करावे असा माझा आग्रह नाही. माझे म्हणणे फार लहान आहे. आमच्या एमआय रूमच्या रजिस्टरमध्ये कोणाचा कोणता पाय कधी मुरगळला याची चोख नोंद होती, पण घसादुखीचे सगळे रुग्ण ‘ताप’ किंवा ‘सर्दी’ या शब्दाखाली विखुरलेले होते. घशासाठी एक रकाना असता आणि त्यासमोर खाट क्रमांक असता, तर एका रांगेत एका आठवड्यात पाच-सहा घसे धरले आहेत, हे रजिस्टर चाळणाऱ्या कोणाच्याही नजरेत भरले असते.

वैद्यकीय मंडळापुढे मी उभा राहिलो आणि प्रशिक्षणास अपात्र ठरलो. त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. झडपेचा दोष असलेल्या माणसाला त्या नोकरीत घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

खरी प्रक्रिया त्यानंतर सुरू झाली. एकदा संधिज्वर झालेल्या माणसाला स्ट्रेप्टोकॉकसची पुन्हा लागण झाली तर तो उलटण्याचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असतो, आणि दर झटक्याला झडप अधिक बिघडते. म्हणून बेन्झाथिन पेनिसिलिनचे बारा लाख युनिटचे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी. औषध स्नायूत साठून हळूहळू रक्तात उतरते, पण चौथ्या आठवड्यात त्याची पातळी बरीच खाली जाते, म्हणून आपल्याकडे एकवीस दिवसांचे अंतर पाळतात. झडपेला सौम्य इजा असेल तर शेवटच्या झटक्यानंतर दहा वर्षे किंवा वयाची पंचविशी, यांतले जे नंतर येईल तोवर. इजा मोठी असेल तर चाळिशीपर्यंत किंवा जन्मभर.

इंजेक्शन मिळवणे हे इंजेक्शन घेण्याइतकेच कष्टाचे असते. औषध जुने आणि स्वस्त असल्याने ते अधूनमधून बाजारातून नाहीसे होते. मग जयेंद्रगंजापासून मुरारपर्यंत दुकाने पालथी घालायची, नाही मिळाले तर इंदूरच्या मावशीला फोन करायचा. ते मिळाले तरी अनेक दवाखाने टोचायला तयार होत नाहीत, कारण पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी विरळ असली तरी झाली तर मिनिटांत जिवावर बेतते. आमच्या गल्लीतल्या मराठी डॉक्टरकाकांनी ही जबाबदारी घेतली. दर खेपेला आधी हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर औषधाची चाचणी, मग बाकावर बसून वाट पाहणे, टेबलावर ॲलर्जी झालीच तर द्यायच्या ॲड्रिनलिनची कुपी तोडण्यासाठी तयार. पावडर पाण्यात मिसळली की ताकासारखे दाट पांढरे औषध होते आणि ते लगेच टोचले नाही तर सुईत अडकते. कंपाउंडर कुपी तळहातांत धरून कोमट करत, जाड सुई लावत आणि अगदी सावकाश दाबत. घाईने टोचले तर दोन दिवस बसणे अवघड होते. माझ्या लग्नाची तारीख ठरवताना आत्याने पंचांगाबरोबर इंजेक्शनचे कार्डही पुढ्यात ठेवले होते, आणि तिचे सासरच्या मंडळींसमोर तसे करणे मला त्या वेळी मुळीच आवडले नव्हते.

दहा वर्षे पूर्ण झाली तेव्हा पुन्हा इको झाला. झोत आता पुसटसा उरला होता आणि झडप जाड झालेली नव्हती. नियमाप्रमाणे इंजेक्शने थांबवता आली असती. हृदयरोगतज्ज्ञांनी कागद बाजूला ठेवला आणि मी काय काम करतो, असे विचारले. मी एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि हिवाळ्यात मुलांची निवासी शिबिरे घेतो, हे ऐकून त्यांनी थांबवण्याचा विचार सोडून दिला. स्ट्रेप्टोकॉकसशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, म्हणजे शिक्षक, दवाखान्यात काम करणारे आणि दाटीवाटीने राहणारे लोक, त्यांच्यासाठी ही मुदत लांबवतात. त्यांनी चाळिशीपर्यंतचे कार्ड नव्याने लिहून दिले. शिबिरात मुलांना झोपवताना एकाआड एक डोकी उलट दिशेला ठेवतो, हे मी त्यांना सांगितले. ते हसले आणि घसा दुखतो म्हणणाऱ्या मुलाच्या घशात बॅटरी मारून पाहतोस ना, एवढे विचारून त्यांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावले.